गोठ्यावरचा दिवा आणि आजीची शेवंती



आज जरा लांबड लावणार आहे, सवडीनं वाचा. विषय शेवंतीचा आहे. पण त्यात बिबट्या येणार, चीन येणार आणि माझी आजी पण येणार.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या प्लॉटात जो येईल तो एकच विचारायचा, "गोठ्याकडच्या चार सऱ्या अशा का?" पंधरा गुंठ्यांची शेवंती. एकाच आठवड्यात लावलेली, खत एकच, ठिबक एकच. बाकीचा प्लॉट पिवळा झालेला, तोडणी चालू, क्रेट भरून गाडी चाललेली. आणि गोठ्याकडच्या चार सऱ्या हिरव्यागार, कंबरेएवढ्या, काळोखी धरलेल्या. कळीचं नाव नाही.

त्यातली गोठ्याला अगदी लागून असलेली सरी आमच्या आजीच्या शेवंतीची. बारीक पिवळं फूल, पाकळ्या कमी, बाजारात आता तिला कुणी विचारत नाही. पण वास असा की तोडणाऱ्या बायका आधी त्या सरीला हात घालतात. दरवर्षी एक सरी तिची ठेवायचीच, असा आमच्या घरात नेम आहे. ती कधी चुकली नव्हती. गेल्या वर्षी चुकली.

मला वाटलं गोठ्याचं पाणी मुरतंय, नत्र जास्त झालं, झाड माजलं. म्हणून त्या सऱ्यांचं खत बंद केलं. मग दुकानातून कळी निघायचं म्हणून औषध आणलं, दोन फवारे मारले. पैसे गेले, कळी काही निघाली नाही. पाव्हण्यांनी सांगितलं रोग आहे, उपटून टाक. आजीची सरी होती म्हणून हात उचलला नाही.

शेवटी ओळखीचा एक कृषी पदवीधर पोरगा संध्याकाळी आला. झाड बघितलं, पान उलटून बघितलं, काही बोलला नाही. दिवस मावळला तसा गोठ्यावरचा हॅलोजन लागला. तेव्हा त्यानं वर बघितलं.

"काका, हा दिवा कधी लावला?"

"जूनमध्ये. बिबट्यासाठी."

"रात्रभर असतो?"

"असतो."

"मग ह्या चार सऱ्यांना रात्रच झाली नाही अजून."

तो गेला आणि मी तिथंच उभा राहिलो. दिव्याचा उजेड जिथपर्यंत पडत होता तिथपर्यंत हिरवं, आणि अंधार जिथं सुरू होत होता तिथनं पिवळं. चार महिने रोज बघत होतो, पण दिसलं नव्हतं. चौथ्या सरीत तर एकाच झाडाच्या गोठ्याकडच्या फांद्या कोऱ्या आणि पलीकडच्या फांद्यांवर पाच-सहा कळ्या. मी दहावी पास माणूस. पण एवढं डोळ्यासमोर आल्यावर पुढचं शोधल्याशिवाय चैन पडेना. हिवाळाभर वाचलं, विचारलं. ते आज तुमच्यासमोर मांडतो.

फूल कुठलं, सण कुठला

शेवंती मूळची चीनची. तिथं ती फार जुनी. इसवी सन ११०४ मध्ये लिऊ मेंग नावाच्या माणसानं नुसत्या शेवंतीवर पुस्तक लिहिलं, त्यात पस्तीस जाती नोंदल्या. म्हणजे आपल्याकडं देवगिरीच्या यादवांचं राज्य उभं राहायच्याही आधी तिकडं शेवंतीच्या जातींची यादी तयार होती. तिथनं ती जपानात गेली. तिथल्या बादशहाच्या मुद्रेवर सोळा पाकळ्यांची शेवंती आहे, आजही आहे. युरोपात ती नीट पोचली १७८९ मध्ये. फ्रान्सच्या मार्सेय बंदरातल्या ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्यानं चीनहून तीन झाडं आणली, त्यातलं एक जांभळं तेवढं जगलं.

आपल्या नावाचा पण एक घोळ आहे. हिंदीत शेवंतीला गुलदाउदी म्हणतात, आणि सेवती म्हणजे तिकडं पांढरा गुलाब. त्यामुळं जुन्या लिखाणात सेवती दिसली की ती आपलीच शेवंती, असं लगेच धरून चालू नये.

आता मला सगळ्यात नवल वाटलं ते सांगतो. चीनमध्ये शेवंतीचा एक सण आहे. त्यांच्या नवव्या महिन्याची नववी तिथी. त्या दिवशी शेवंती बघायची, शेवंतीची दारू प्यायची, डोंगरावर जायचं. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. मी तारखा काढून बघितल्या. २०२२ साली त्यांचा सण ४ ऑक्टोबरला, आपला दसरा ५ ला. २०२३ साली त्यांचा २३ ऑक्टोबरला, आपला दसरा २४ ला. २०२४ साली त्यांचा ११ ला, आपला १२ ला. म्हणजे आपली खंडेनवमी आणि त्यांचा शेवंतीचा सण बहुतेक वर्षी एकाच दिवशी पडतो! ना त्यांना आपलं ठाऊक, ना आपल्याला त्यांचं. गेल्या वर्षी, २०२५ ला, मात्र फरक पडला. त्यांनी अधिक महिना गेल्या वर्षीच घेतला, आपण ह्या वर्षी घेतला. म्हणून आपला दसरा २ ऑक्टोबरला आणि त्यांचा सण २९ ला.

आणि खरं सांगू का, गेल्या वर्षी शेवंती त्यांच्या बाजूनं होती. २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला आमच्याकडं सगळा प्लॉट हिरवाच होता. दसरा झेंडूवर भागवला. (झेंडू तर त्याहून लांबचा, अमेरिका खंडातला. पोर्तुगीज आले त्या काळात इकडं आला. आपल्या दसऱ्याची दोन्ही फुलं परमुलखातनं आलेली, आणि आज त्यांच्याशिवाय दसरा होत नाही.)

झाड सूर्याचं, सण चंद्राचा

इथं शेतकऱ्याची खरी अडचण आहे. सण तिथीवर चालतो. अधिक महिना धरून दसरा सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कुठंही पडतो. पण शेवंतीला पंचांग माहीत नाही. ती दिवस-रात्र मोजते.

आपल्याकडं जूनमध्ये सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस-रात्र जवळजवळ सारखी. डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. रात्र वाढत चालली की शेवंतीच्या शेंड्यात बदल होतो, पानं धरायची थांबतात आणि कळी धरते. तिथनं पुढं फूल उमलायला जातीप्रमाणं आठ ते बारा आठवडे. एप्रिलमध्ये लावा नाहीतर जूनमध्ये लावा, फुलं फार मागंपुढं होत नाहीत, हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं आहे.

हे असं का होतं ते जगाला १९२० पर्यंत कागदावर माहीत नव्हतं. अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अॅलार्ड नावाचे दोघं होते. त्यांच्याकडं तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ. उन्हाळ्यात माणसाच्या वर जायची, पण फुलायची नाही. तेच झाड हिवाळ्यात काचघरात गुडघ्याएवढं असतानाच फुलायचं. सोयाबीनची एक जात अशी, की पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरली तरी सगळी एकदमच फुलायची. खत बदलून बघितलं, पाणी बदललं, ऊन कमी-जास्त केलं. काही उलगडेना. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोपट्यात न्यायला सुरुवात केली आणि सकाळी परत बाहेर. झाड फुललं. दिवसाची लांबी, एवढंच कारण निघालं. दोन वर्षांनी त्यांनी ते छापलं.

पुढं १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर ह्या दोघांनी अजून एक पाऊल टाकलं. आपल्या बांधावर काटेरी बोंडांचं शंकेश्वर उगवतं ना, धोतराला चिकटणारं, त्याच्या जातीवर प्रयोग केला. लांब रात्रीच्या मधेच थोडा वेळ दिवा लावला, तर झाड फुललं नाही. दिवसाच्या मधेच थोडा वेळ अंधार केला, तर झाडाला काही फरक पडला नाही. म्हणजे झाड दिवस मोजतच नाही, ते सलग रात्र मोजतं. रात्र मधेच तोडली की त्याच्या लेखी ती लहान झाली. हा हिशोब पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य ठेवतं, ते १९५९ मध्ये अमेरिकेतच सापडलं.

शेवंती शंकेश्वराच्याच पंगतीतली. १९३० नंतर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या केनेथ पोस्टनं काळं कापड घालून रात्र मोठी करायची आणि दिवा लावून लहान करायची पद्धत बसवली. आज पॉलिहाऊसवाले बारा महिने शेवंती काढतात ती ह्याच जोरावर. आपल्या देशात लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं शेवंतीच्या कितीतरी जाती काढल्या. त्यात लवकर फुलणाऱ्या आहेत, उशिरा फुलणाऱ्या आहेत, एकीला तर बिरबल साहनी ह्या शास्त्रज्ञाचं नाव दिलंय. जात निवडणं म्हणजे तरी काय, किती लांबीच्या रात्रीला ती कळी धरते ते निवडणं.

आजीचा नियम

आता आजीकडं येतो.

आजीच्या काळी शेवंती शेतात नसायची. विहिरीच्या पाटाला, मोटेच्या थारोळ्याजवळ, परसात, तुळशीच्या कडेला पाच-पन्नास झाडं. धान्याची जमीन फुलाला कोण देतंय? पण पाटाची कड बाईची असायची. त्या फुलांचे चार पैसे आजीचे स्वतःचे. दसऱ्याला हार, दिवाळीला वेणी, मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला. मंचरच्या नाहीतर नारायणगावच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. पुढं वडिलांच्या वेळी इंजिन आलं, मग मोटर आली, आणि शेवंती सरीत आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या करंड्या एसटीच्या टपावर चढायच्या. आळेफाट्यावरून ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण. पहाटे कल्याणला नाहीतर दादरला. घाटात गाडी बंद पडली की फूल गेलंच समजा. मी लहानपणी वडिलांबरोबर दोनदा गेलोय, टपावरच्या करंड्यांत जीव अडकलेला असायचा.

आजीचा एक नियम होता. शेवंतीचा शेंडा नागपंचमीपर्यंत खुडायचा. नागपंचमीला शेवटचा. त्या दिवशी काही चिरायचं-कापायचं नाही म्हणून ती आदल्या दिवशी खुडायची. त्यानंतर झाडाला नख लावू द्यायची नाही. आम्ही समजायचो नागोबाचं काहीतरी असेल.

ह्या हिवाळ्यात पंचांग घेऊन बसलो. २०२४ साली नागपंचमी ९ ऑगस्टला, दसरा १२ ऑक्टोबरला. चौसष्ट दिवस. २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला, दसरा २ ऑक्टोबरला. पासष्ट दिवस. ह्या वर्षी नागपंचमी १७ ऑगस्टला, दसरा २० ऑक्टोबरला. परत चौसष्ट. अधिक महिना नागपंचमीच्या आधी आला की दोन्ही सण मिळून पुढं सरकतात, मधलं अंतर तेवढंच राहतं. नऊ आठवडे. आणि शेंडा खुडल्यावर नवीन फूट येऊन, कळी धरून, लवकरच्या जातीला फूल यायला साधारण तेवढेच लागतात.

आजीला हे गणित माहीत होतं असं मी म्हणत नाही. तिला अंगठा उठवायचा एवढंच येत होतं. पण तिच्या सासूनं, तिच्या सासूच्या सासूनं किती दसरे चुकवले असतील तेव्हा हा नियम बसला असेल. सूर्यावर चालणारं झाड चंद्रावर चालणाऱ्या सणाला जुळवायचं, तर मधे चंद्राचीच खूण धरली पाहिजे. १७ ऑगस्ट म्हणून सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी चुकलं असतं.

नियमाला मर्यादा आहे, ती पण लिहितो. खुडून फुलाला उशीर करता येतो, घाई करता येत नाही. दसरा उशिरा असेल तर नियम चांगला लागू पडतो. गेल्या वर्षीसारखा लवकर आला तर २९ जुलैला खुडून काही उपयोग नाही. तेव्हा दिवस अजून मोठा असतो, झाड थांबूनच राहतं, आणि फूल दिवाळीला येतं. म्हणून लवकरच्या दसऱ्याला लवकरची जातच पाहिजे, नाहीतर सरळ दिवाळीच धरावी.

दिवा कुठून आला

मग हा दिवा आमच्या गोठ्यावर आला कसा? त्याचाही इतिहास आहे आणि तो आपल्या दोन्ही तालुक्यांचा आहे.

पूर्वी आपल्याकडं पश्चिमेला भात, पूर्वेला बाजरी आणि विहीर असेल तिथं थोडं बागायत. कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, पाच धरणं. धरणात ज्यांची गावं गेली त्यांचं दुःख वेगळं, ते विसरून चालणार नाही. पण खाली कालव्याला पाणी आलं आणि जमीन बदलली. टोमॅटो आला, कांदा वाढला, द्राक्षं आली, फुलं पाटाच्या कडेवरून सरीत आली. आणि ऊस आला.

उसात बिबट्या आला. त्याला दाट आडोसा, पाणी, कुत्री-शेळ्या, सगळं एका जागी मिळालं. त्याची पिल्लं उसातच जन्मली, उसातच वाढली. २००१ ते २००३ ह्या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले होते, ते आपल्यातल्या कुणीही विसरलेलं नाही. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र झालं. आणि गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडं जे झालं, ते मी इथं परत लिहीत नाही. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनाच ते माहीत.

माझी मंडळी पहाटे पाचला धारा काढायला गोठ्यात जाते. गोठा आणि घर ह्यांच्यात ऐंशी पावलं. पलीकडं शेजाऱ्याचा ऊस. गेल्या मे महिन्यात आमचं कुत्रं नेलं. जूनमध्ये मी हॅलोजन लावला. त्यात चूक काय केली?

पाणी आलं म्हणून शेवंती सरीत आली. त्याच पाण्यानं ऊस आला, उसानं बिबट्या आला, बिबट्यासाठी दिवा आला, आणि दिव्यानं शेवंतीची रात्र घेतली. जो पाट आजीच्या फुलांना होता तोच फिरून इथं आला.

त्या पोरानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काका, दिवा बंद करा, कळी येईल. मी घरात येऊन सांगितलं. मंडळी काही बोलली नाही. भाकरी थापत होती, थापतच राहिली. मलाच माझी लाज वाटली. चार सऱ्या फुलांसाठी मी तिला अंधारातनं जा म्हणत होतो. तिनं एवढंच विचारलं, "आणि आजीची सरी उपटणार का?" तेवढ्यावर दोन्ही गोष्टी ठरल्या. दिवा राहणार. सरी पण राहणार. मधला रस्ता मी शोधायचा.

मग काय केलं

पहिलं, पत्र्याचा एक तुकडा वाकवून दिव्याला टोपी केली. उजेड गोठ्याच्या दारावर आणि वाटेवर पाडला, शेताकडची बाजू झाकली. चार सऱ्यांतल्या बाहेरच्या दोन पूर्ण अंधारात गेल्या. गोठ्यालगतच्या दोन तशाच उजेडात राहिल्या. ही गोष्ट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. डिसेंबरच्या सुरुवातीला अंधारातल्या दोन्ही सऱ्यांना वाटाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. फूल जानेवारीत आलं. तोवर मार्गशीर्षही संपला होता, भाव नव्हता, पण माझी खात्री पटली. उजेडातल्या दोन सऱ्या, त्यात आजीची, जानेवारीतही कोऱ्याच.

मी तो पोरगा परत आला तेव्हा दाखवलं. म्हणलं, ह्या दोन वाया गेल्या. तो म्हणाला, "वाया कशा काका? नर्सरीवाले मातृझाडं कळीवर जाऊ नयेत म्हणून मुद्दाम दिवे लावतात, त्याचं वेगळं बिल भरतात. तुमचं बिल बिबट्याच्या नावावर निघतंय." कळीवर न गेलेलं झाड म्हणजे कोवळे शेंडे देणारं झाड. कळीवर गेलेल्या फांदीचा शेंडा लावून उपयोग नाही, तो लहानपणीच फुलून बसतो.

फेब्रुवारीपासून आजीच्या सरीचे दोन-अडीच इंची शेंडे खुडून कोकोपीटमध्ये लावले. सावली, ओल आणि वर पातळ प्लास्टिक. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या फुटल्या. दरवर्षी काश्यांवर एक सरी व्हायची, ह्या वर्षी आजीची सहा सऱ्या झाली.

एक लक्षात घ्या. काशी असो की शेंडा, ते बी नाही. तो त्याच झाडाचा तुकडा. आजीनं पाटाच्या कडेला लावलेलं झाड मेलेलंच नाही, ते तुकड्या-तुकड्यानं माझ्या गोठ्यापर्यंत आलंय. उपटून टाकलं असतं तर परत कुठल्या दुकानात मिळालं नसतं.

आपल्या कामाचं थोडं

– शेवंतीचा ठरावीक पट्टा फुलत नसेल तर औषध मारायच्या आधी एकदा रात्री नऊनंतर प्लॉटात जा. आपली सावली जमिनीवर स्पष्ट पडत असेल तर उजेड जास्त आहे. रस्त्यावरचा दिवा, डीपीवरचा बल्ब, पोल्ट्री, शेजाऱ्याचा हॅलोजन, सगळं बघा.

– पौर्णिमेची भीती बाळगू नका. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. नर्सरीवाले रात्र तोडायला शंभराच्या आसपास लक्स देतात. काही जातींना दहा-वीस लक्सही त्रास देतात. मोबाईलवर लक्स मोजायचं अॅप मिळतं, अंदाजाला पुरतं.

– हालचाल झाली की लागणारा सेन्सरचा दिवा चांगला. पण वाटेवर कुत्री-मांजरं फिरून तो रात्रभर सारखा लागत असेल तर शेवंतीला तो चालूच आहे. दिव्याचं तोंड शेताकडं नको.

– दिव्याला टोपी घालताना गोठ्याचं दार आणि पायवाट अंधारात जाणार नाही हे आधी बघा. फुलासाठी माणसाचा उजेड कमी करायचा नाही.

– दिव्याच्या पट्ट्यात शेवंतीच हवी असा हट्ट कशाला? तिथं चारा, भाजी लावा. नाहीतर माझ्यासारखी मातृझाडं ठेवा.

– ह्या वर्षी अधिक ज्येष्ठ होऊन गेला. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. शेवटचा शेंडा खुडायला नागपंचमी म्हणजे १७ ऑगस्टपर्यंत वेळ आहे. उशिराच्या जातींना दोन-तीन आठवडे आधीच थांबा.

आत्ता जुलै चालू आहे. पाऊस उघडला की रोज एक चक्कर मारतो. ह्या वर्षी आजीच्या सहा सऱ्यांतली एक गोठ्याजवळ उजेडात आहे आणि पाच पार पलीकडं, बांधाच्या अंधारात. दसऱ्याला काय होतं ते इथं फोटोसकट टाकीन. चुकलं तर तेही टाकीन.

आणि आपल्या जुन्नर-आंबेगावात कुणाच्या परसात, विहिरीच्या कडेला अशी जुनी शेवंती अजून असेल, पांढरी, पिवळी, कसलीही, तर तिला बाजारात भाव नाही म्हणून काढू नका. तुमच्या घरात शेंडा खुडायचा काय नियम होता तो म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. आजी गेली तेव्हा मी विचारायचं राहूनच गेलं होतं, मला तो नियम आत्यानं सांगितला. आजीच्या काश्या कुणाला हव्या असतील तर फुलं संपल्यावर जानेवारीत या. पैसे नकोत, पिशवी घेऊन या. आणि येताना उजेडात या.

राम राम.